पिले देणाऱ्या शोभेच्या माशांतील नरांची दांडगाई

शहाड येथील एखाद्या घरात काचेची टाकी येते ती पुष्कळदा दिवाळीच्या सुटीत, मुलांच्या हट्टापायी. दोन फूट लांबीची टाकी, तळाशी रंगीत खडी, हवेचा पंप, आणि पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी व तलवारशेपटी या प्रत्येक जातीची एकेक जोडी. पहिला आठवडा आनंदात जातो. दुसऱ्या आठवड्यात तलवारशेपटीची मादी पंपाच्या नळीमागे तोंड खुपसून उभी राहू लागते व खाणे टाकले तरी बाहेर येत नाही. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी ती पाण्यावर तरंगताना आढळते. घरधनी पाण्याला दोष देतो. उल्हास नदी सांडपाण्याने नासली, नळाला तेच पाणी, तेव्हा मासे जगावयाचे कसे, असा त्याचा तर्क असतो. मग टाकीतील सर्व पाणी एकदम उपसून नवे भरले जाते, त्या धक्क्याने आणखी दोन मासे दगावतात, आणि टाकी माळ्यावर जाते.

पाण्याचा दोष नसतोच असे नाही. त्याविषयी पुढे येईलच. परंतु मादी एकटीच खंगत गेली आणि बाकीचे मासे तेजीत राहिले, तर दोष पाण्याचा नव्हे, जोडीचा समजावा. विक्रेता जोडी देतो, गिऱ्हाईक जोडी मागते, आणि या माशांच्या बाबतीत जोडी हीच सर्वांत वाईट संख्या आहे.

खेड्यातील माणसास ही गोष्ट समजावून सांगण्यास वेळ लागू नये. अंगणातील खुराड्यात एक कोंबडा व एक कोंबडी असा संसार कोणी मांडीत नाही. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असतात. कमी असल्या तर त्यांच्या पाठीची पिसे जातात, हे घरातील बाईमाणसांस सांगावे लागत नाही. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. हाच हिशेब काचेच्या पेटीत मात्र विसरला जातो, कारण मासा ओरडत नाही आणि त्याच्या अंगावरची जखम दिसावयास फार जवळून पाहावे लागते.

नर ओळखण्याची खूण

वर सांगितलेले चारही मासे एकाच कुळातील आहेत. गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील व त्रिनिदाद बेटावरील, तर प्लॅटी व तलवारशेपटी हे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. मोलीच्याही बाजारात मिळणाऱ्या जाती त्याच प्रदेशातून आलेल्या आहेत. रोहू-कटल्याप्रमाणे हे मासे पाण्यात अंडी सोडीत नाहीत. अंडी मादीच्या पोटातच फलित होतात, तेथेच वाढतात, आणि सुमारे चार आठवड्यांनी पोहणारी पिले बाहेर येतात. याकरिता नराच्या पोटाखालील मागचा पर, ज्यास गुदपर म्हणतात, तो बदलून काडीसारखा लांब व टोकदार होतो. मादीचा गुदपर मात्र पंख्यासारखा पसरट राहतो. गप्पीचा नर रंगावरून व आकारावरून सहज ओळखता येतो, तो मादीहून बराच लहान असतो. प्लॅटी व मोली यांच्यात रंगाने फसगत होते. तेथे गुदपर हीच खरी खूण, आणि मासे विकत घेताना ती पिशवी उजेडात धरून पाहावी.

तलवारशेपटीत आणखी एक घोटाळा आहे. नराच्या शेपटीचा खालचा काठ तलवारीसारखा लांब वाढतो, त्यावरून त्याचे नाव पडले. पण काही नर फार उशिरा वयात येतात. तोवर ते मादीसारखेच दिसतात आणि मादी म्हणूनच विकले जातात. टाकीतील दांडगा नर मेला किंवा काढला की अशा एखाद्या "मादी"ला पाहता पाहता तलवार फुटते, आणि घरात मादीचा नर झाल्याची वार्ता पसरते. वस्तुतः तो पहिल्यापासून नरच असतो. या कुळातील काही जातींत मोठ्या नराच्या धाकाने लहान नरांचे वयात येणे लांबते, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. एक नर व तीन माद्या म्हणून आणलेल्या टाकीत सहा महिन्यांनी दोन नरांचे युद्ध का सुरू झाले, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

पाठलाग आणि झुंज

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की उपाय चुकतो.

पाठलाग हा मादीचा होतो. गप्पीचा नर दिवसभर दुसरे फारसे काही करीत नाही. तो मादीसमोर अंग वाकवून रंग दाखवितो, आणि तिने दाद दिली नाही तर मागून येऊन जबरी करतो. कोवळी मादी आणि नुकतीच व्यालेली मादी एवढ्याच सामान्यतः नरास राजी असतात. इतर दिवशी ती नुसती पळत असते. ॲन मगुरन व बी. एच. सेगर्स या दोन शास्त्रज्ञांनी त्रिनिदादच्या गप्पी माशांवर केलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. नरांच्या या सतावणुकीमुळे माद्यांचा चरण्याचा वेळ कमी होतो, असे त्यांस आढळले. मोकळ्या ओढ्यात ही स्थिती, तर दोन फुटांच्या टाकीत एकट्या मादीस एक नर म्हणजे तिला खाण्यास उसंतच नाही. ती नराच्या चावण्याने मरत नाही. उपासाने व थकव्याने तिची ताकद जाते आणि मग पहिला येईल तो रोग तिला नेतो.

झुंज ही नरानरांत होते. गप्पीत ती किरकोळ असते. तलवारशेपटीत ती गंभीर असते, मोलीत मध्यम. दोन नर समोरासमोर येऊन पर ताठ उभारतात, एकमेकांभोवती फिरतात, शेपटीने पाणी हाणतात व शेवटी बगलेस चावतात. एकदा एक हरला की क्रम ठरतो आणि त्यानंतर जेता हरलेल्यास नुसता हाकलीत राहतो. मोकळ्या पाण्यात हरलेला दूर निघून जातो. टाकीत त्यास जावयास जागा नसते, म्हणून प्रत्येक फेरीस तो पुन्हा जेत्याच्या दृष्टीस पडतो व पुन्हा मार खातो. खरा प्रश्न झुंजीचा नाही. हरलेल्यास पळून जाता येत नाही, हा आहे. उपाय करताना एवढे ध्यानात ठेवले तर बाकीचे सुचत जाते.

नरमाद्यांचा मेळ

दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीत सुमारे ७० लिटर पाणी मावते. तळाची खडी व वरची मोकळी जागा वजा जाता साठच लिटर धरावे. एवढ्या टाकीत गप्पीचे तीन नर व त्यांच्यासाठी सात ते नऊ माद्या ठेवाव्यात. एका नरामागे दोन माद्या हे अगदी खालचे प्रमाण झाले, तीन असाव्यात हे बरे. प्लॅटीलाही हाच हिशेब लागू पडतो. तलवारशेपटी चार इंचांपर्यंत वाढते व तिला पोहावयास लांबी लागते. ती तीन फुटांच्या टाकीतच ठेवावी, आणि तेथेही नर एकच असावा, त्याच्याबरोबर चार माद्या. मोलीचेही तसेच. चारही जातींच्या जोड्या एका टाकीत घालण्याची हौस सोडून द्यावी. जात एकच, फार तर दोन, पण थवा पुरता असावा.

नर दोनच ठेवणे मात्र टाळावे. दोनांत एक जेता व एक हरलेला एवढेच उरते आणि जेत्याचा सगळा राग एकावर पडतो. गप्पीचे नर पाच-सहा असले, तर पाठलाग वाटला जातो व कोणा एकाचा जीव जात नाही. मादी मुळीच न ठेवता गप्पीचे आठ-दहा नरच एका टाकीत ठेवण्याची पद्धतही चांगली आहे. रंगाची शोभा पुरेपूर मिळते, पिलांचा सुळसुळाट होत नाही आणि भांडणाचे मुख्य निमित्तच नाहीसे होते. तलवारशेपटीच्या नरांना मात्र हा प्रयोग सोसत नाही.

आता जागेसंबंधी. टाकी उंच असण्यापेक्षा लांब असावी. बाजारात उंच, अरुंद किंवा गोल काचपात्रे मिळतात ती दिवाणखान्याची शोभा आहेत, माशांचे घर नव्हे. गोल भांड्यात आडोसा मिळतच नाही. टाकीच्या मधोमध दगड, लाकडाचा ओंडका किंवा फुटक्या माठाची खापरे रचून एका टोकाकडून दुसरे टोक दिसणार नाही असे करावे. हरलेला नर किंवा थकलेली मादी दृष्टीआड झाली की पाठलाग बहुधा तेथेच थांबतो. दोन्ही बाजूंस हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पती दाट लावाव्यात, आणि वर थोडी तरंगती वनस्पती सोडावी. लहान पिले तिच्याच मुळ्यांत वाचतात. या वनस्पती नदीतून थेट उचलून आणू नयेत. शहाड-मोहने भागात अलीकडील काही वर्षांत उल्हास नदीवर जलपर्णीचे जाड थर वाढलेले लोकांनी पाहिले आहेत, आणि त्यांबरोबर गोगलगायी, जळवा व सांडपाण्याची घाण घरात येते. विकत आणलेली वनस्पतीसुद्धा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, धुऊन लावावी.

खाणे एकाच कोपऱ्यात टाकण्याची सवय वाईट. दांडगा नर तो कोपरा बळकावतो. दोन्ही टोकांस एकाच वेळी, चिमूटचिमूट, दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे, दिवसातून दोनदा.

नवा मासा सोडताना ज्या चुका होतात त्यांचे मूळ जुने व परिचित आहे: घर ज्याचे, जोर त्याचा. प्लॅटी माशांवर जे. सी. ब्रॅडॉक यांनी केलेल्या प्रयोगांचा वृत्तान्त १९४९ साली प्रसिद्ध झाला. जागेत आधीपासून राहणाऱ्या माशास नव्याने आलेल्यावर वरचढपणा मिळतो, असे त्यात दाखविले होते. यावरून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. नवे मासे सोडावयाचे असतील त्या दिवशी टाकीतील दगड व ओंडके हलवून नव्याने मांडावेत, म्हणजे जुन्यांनाही ती जागा परकी होते. आणि दिवा मालवून मगच नवे मासे सोडावेत. दुसरे असे की, एखादा नर फारच माजला तर मार खाणाऱ्यास बाहेर काढण्यापेक्षा मारणाऱ्यासच आठ-दहा दिवस दुसऱ्या भांड्यात ठेवावे. तेवढ्यात बाकीच्यांचा क्रम नव्याने बसतो, आणि तो परत येतो तेव्हा पाहुणा म्हणून येतो. मार खाणारा काढला, तर दांडगा दुसऱ्या दिवशी नवे गिऱ्हाईक शोधतो, एवढेच घडते.

दुसरे भांडे नसेल तर मच्छरदाणीच्या जाळीची चौकट करून टाकीत मधोमध उभी करता येते. पाणी इकडचे तिकडे जाते, मासे जात नाहीत. व्यालेल्या मादीस तीन-चार दिवस या चौकटीपलीकडे विसावा द्यावा, कारण त्याच दिवसांत नर तिच्यामागे सर्वाधिक लागतात. बाजारात मिळणाऱ्या हातभर प्लास्टिकच्या पिलपेटीत गाभण मादी आठवडाभर कोंडून ठेवणे मात्र बरे नव्हे. त्या कोंडीनेच ती बिघडते.

मार आणि रोग

टाकीसमोर रोज दहा मिनिटे नुसते बसून पाहणे हे कोणत्याही औषधापेक्षा उपयोगी आहे. सर्वांत चांगली वेळ खाणे टाकण्याची. मार खाणारा मासा पर अंगाशी मिटून कोपऱ्यात, बहुधा पाण्याच्या पृष्ठाशी, उभा राहतो. रंग फिका पडतो. शेपटीचा काठ कुरतडल्यासारखा दिसतो. क्वचित बगलेवरचे खवले गेलेले असतात. तो एकटाच तसा असतो. पाणी बिघडले असेल तर सर्व जातींचे मासे, विशेषतः पहाटे, वर येऊन तोंड वासतात. एकट्याचे दुखणे व सर्वांचे दुखणे हा भेद गुरांच्या गोठ्यातल्यासारखाच आहे. फाटलेले पर पाणी स्वच्छ असल्यास आपोआप भरून येतात. जखम असल्यास वेगळ्या भांड्यात लिटरला १ ते २ ग्रॅम खडे मीठ विरघळवून मासा काही दिवस ठेवावा.

शहाडला उल्हास नदी अगदी उशाशी आहे. ठाणे, भिवंडी व मिरा-भाईंदर या शहरांना पाणी देणाऱ्या स्टेम योजनेचे नावच शहाड व टेमघर या दोन गावांवरून पडले आहे. शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, व तो माशांच्या कल्ल्यांस जाळतो. म्हणून पाणी उघड्या पिंपात चोवीस तास ठेवून मगच वापरावे, आणि आठवड्यास टाकीतील चौथाई पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम कधीही बदलू नये. या माशांना काहीसे जड पाणी मानवते. पावसाळ्यात नदीचे पाणी हलके होते, तेव्हा मोली विशेषकरून मलूल होतात व त्यांच्या टाकीत थोडे मीठ उपयोगी पडते. म्हारळ, वरप, कांबा या बाजूच्या गावांत ज्यांच्याकडे बोअरवेलचे पाणी आहे, त्यांना ही अडचण बहुधा जाणवणार नाही.

जास्तीचे नर कोठे न्यावयाचे

टाकी नीट चालली तर सर्वांत मोठी अडचण यशाचीच येते. गप्पीची मादी एका वेळेस वीस ते पन्नास पिले देते आणि एकदा फळल्यावर नराचे बीज अंगात साठवून पुढे काही महिने, नर नसतानाही, पिले देऊ शकते. पिलांत जवळजवळ निम्मे नर निघतात. म्हणजे एका नरामागे तीन माद्यांचा काळजीपूर्वक बसविलेला मेळ चार महिन्यांत मोडतो. यावर एकच मार्ग आहे: तीन-चार आठवड्यांच्या वयात गुदपर लांबू लागताच नरपिले वेगळी करावीत. सहा आठवडे उलटू दिले तर बहिणी गाभण झालेल्या असतात.

वेगळ्या केलेल्या नरांची विक्री किंवा देवाणघेवाण करावी. न खपल्यास नरांचीच टाकी करावी. पण ते उल्हास नदीत, वालधुनीत, ओढ्यात किंवा गावतळ्यात सोडू नयेत. "जीवदान दिले" असे मानून हे पुष्कळ वेळा केले जाते. याच कुळातील गंबुशिया हा मासा डास मारण्यासाठी देशोदेशी सोडला गेला आणि आज त्याची गणना जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवजातींत होते. तो स्थानिक लहान माशांची व बेडकांची अंडी-पिले खातो. गप्पीही परक्या पाण्यात लवकर जम बसवितो. हिवताप व डेंग्यू यांच्या नियंत्रणासाठी आरोग्य खाते गप्पी मासे वापरते हे खरे, परंतु ते बांधलेल्या टाक्या, हौद व वापरात नसलेल्या विहिरी यांसारख्या बंद साठ्यांसाठी योग्य आहे, आणि त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रास किंवा जिल्हा हिवताप कार्यालयास विचारूनच मासे द्यावेत. तेथेही मागणी मुख्यतः माद्यांची असावी हे उघड आहे. त्या आकाराने मोठ्या असून डासांच्या अळ्याही नराहून अधिक खातात.

अंगणात सिमेंटच्या टाक्यांतून हे मासे वाढविणाऱ्यांनी नदीकाठची जागा टाळावी. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २०१९ सालच्या जुलैअखेर उल्हास नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले होते. पुराबरोबर टाकीतील हजारो मासे नदीत जातात, आणि धन्याचे भांडवलही. टाकीचा कठडा जमिनीपासून उंच घ्यावा, सांडव्यास बारीक जाळी लावावी, वर जाळीचे झाकण असावे.

अशा पैदाशीस सरकारी साहाय्याचा मार्गही आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अंगणातील शोभिवंत मत्स्यसंवर्धन एककाचा खर्च ३ लाख रुपये धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के साहाय्य ठरविले होते. सध्या अर्ज कोणत्या अटींवर घेतले जातात याची चौकशी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. बचत गटांच्या स्त्रियांपुढे हा विषय मांडताना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक सूचना अवश्य द्यावी. कल्याण-उल्हासनगरच्या दुकानदारास मासे पुरविताना जोडी न बांधता एक नर व तीन माद्यांची पिशवी बांधावी आणि पिशवीवर तसे लिहावे. जास्तीचे गप्पी नर आठ-आठच्या पिशवीत, फक्त नरांच्या टाकीसाठी म्हणून, वेगळे विकावेत. विकत घेणाऱ्याची मादी तीन आठवड्यांत मेली नाही, तर तो खाणे, वनस्पती व पुढचे मासे घेण्यास त्याच दुकानी परत येतो.